गिरणीत निवडलेला माउथपीस

मी धुळ्यात मोटारी भरतो. म्हणजे विहिरीवरच्या, बोअरच्या, गिरणीच्या जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसून काढतो आणि नवी घालतो. लग्नसराईत मात्र दुपारनंतर दुकानाचं शटर ओढतो, बँडचा लाल कोट चढवतो आणि अल्टो सॅक्सोफोन वाजवतो. मोटारवाले मला बँडवाला समजतात आणि बँडवाले मोटारवाला. त्याचं मी फारसं मनावर घेतलेलं नाही. एकीकडे उशीर झाला की दुसरीकडचं कारण सांगता येतं, एवढी सोय त्यात आहे.

सॅक्सोफोन मी बँडच्या मालकाकडूनच घेतला. आम्ही त्यांना नाना म्हणतो. त्याच्याबरोबर जो माउथपीस आला तोच मी वर्षानुवर्षं वाजवत होतो. माउथपीस म्हणजे वाद्याच्या तोंडाला बसणारी काळी चोच. तिच्या खालच्या अंगाला वेताची पातळ पट्टी बांधतात, तिला रीड म्हणतात. वरचे दात चोचीवर टेकवायचे, खालचा ओठ रीडला लावायचा आणि फुंकायचं. रीड थरथरते आणि तिथेच सूर तयार होतो. पुढचं सगळं चकचकीत पितळ म्हणजे पाइपलाइन, पण लोक फोटो काढतात ते पितळाचे.

माझ्या चोचीवर दातांचे खड्डे पडले होते आणि ते सगळे माझ्याच दातांचे नव्हते. त्यावर मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. टोकाला एक टवका उडालेला. आतली पोकळी मोठी, त्यामुळे आवाज गोल, जाडा आणि जरा सैल यायचा. सैल म्हणजे असा, की जबडा थोडा ढिला सोडला की सूर हळूच खाली घसरायचा, आवळला की वर यायचा. जाणकार याला दोष म्हणतात. मला त्या दोषाची सवय झाली होती, आणि एका कामासाठी तर तो फारच उपयोगी होता.

ते काम म्हणजे आमची कानबाई. श्रावणात खानदेशात घरोघर, भाऊबंदकीनिशी कानबाई बसते. सुरतेला, पुण्याला गेलेले सगळे त्या दोन दिवसांसाठी गावी येतात. आमचं गाव पारोळ्याजवळ. रविवारी नारळाची देवी बसते, प्रसादाचे रोट होतात, रात्र जागवतात आणि सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन बाया नाचत नदीवर नेतात. नेताना गाणी म्हणतात, अहिराणीतली. त्या गाण्यांची आमच्या घरची एक रीत आहे. एकीने ओळ म्हणायची, ती सॅक्सोफोनने तशीच वाजवायची, मग मागच्या सगळ्या बायांनी उचलायची. सॅक्सोफोन थांबला की तिने पुढची ओळ धरायची. पूर्वी सॅक्सोफोनच्या जागी माझ्या वडलांची सनई होती. ओळ म्हणणारी आई होती. आई गेल्यावर तो मान अक्काकडे आला.

अक्का माझी मोठी बहीण. तिला गावातच दिली, माहेर आणि सासर दोन गल्ल्यांच्या अंतरावर, त्यामुळे माहेरपण असं तिला कधी मिळालंच नाही. सासरी पिठाची गिरणी. मेहुणे शेतात असायचे आणि गिरणी अक्का चालवायची. पट्टा चढवणं, दगडांना टाकी लावून घेणं, डबे ओळखून ज्याचे त्याला देणं, सगळं तीच. त्या घरघराटात तिचं अर्धं आयुष्य गेलं आणि तिचे कानही गेले. आता गिरणी भाचा बघतो. तो दोन पोरांचा बाप आहे, पण डबे अजून अक्काच ओळखते.

कानाचं यंत्र तिला आणून दिलं होतं. ते तिने शेवयांच्या डब्यात ठेवलं. लावलं की शिटी मारतं म्हणाली, आणि मिरवणुकीत तर ढोलाचा, बायांचा, ट्रॅक्टरचा सगळा आवाज एक होऊन डोक्यात दगड पडल्यासारखा पडतो. त्यामुळे मिरवणुकीत ती यंत्र न लावताच माझ्या उजव्या हाताला चालायची, बरा असलेला कान सॅक्सोफोनकडे करून.

दोन गोष्टी बिघडत चालल्या होत्या. पहिली सगळ्यांना दिसायची. मी ओळ संपवली हे तिला कळायचं नाही. कधी ती माझ्या मधेच पुढची ओळ सुरू करायची, कधी सगळ्या बाया थांबून तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या. दुसरी गोष्ट फक्त मला माहीत होती. ओळीगणिक तिचा सूर उतरायचा. एकदम नाही, बादलीच्या बारीक भोकातून पाणी जावं तसा. ती उतरली की मी जबडा ढिला सोडून तिच्यामागे उतरायचो. माझा सैल माउथपीस त्यासाठी अगदी बरोबर होता. चौकात पोहोचेपर्यंत आम्ही दोघं इतके खाली आलेलो असायचो की मागच्या बायांना घसा खरवडून गावं लागायचं, पण सगळे एकत्र खाली असल्यामुळे कोणाला काही वेगळं वाटायचं नाही. मी याला मदत समजत होतो.

मागच्या वर्षी चौकात गाणं तुटलं. अक्काने ओळ लवकर उचलली, अर्ध्या बाया तिच्याबरोबर गेल्या, अर्ध्या माझ्याबरोबर राहिल्या, आणि पोरींनी ते मोबाइलवर घेतलं. कोणी वाईट हेतूने घेतलं नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत ते सुरतेपासून सगळ्या भाऊबंदकीच्या ग्रुपवर फिरलं आणि खाली हसण्याची चित्रं आली. अक्काकडे मोबाइल नाही. तरी तिला कळलं, कारण दुसऱ्या दिवशी गिरणीत बाया जरा जास्तच गोड बोलत होत्या.

आमच्यात वडीलधारे म्हणजे आबा, माझे चुलते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पोरं डीजेचा टेम्पो आणायचा म्हणताहेत, रेकॉर्डवर सगळी कानबाईची गाणी मिळतात, सुरात मिळतात. म्हणाले, मी एक वर्ष थांबवतो, पण पुढच्या कानबाईला पुन्हा असं झालं तर माझ्याच्याने त्यांना नाही म्हणवणार नाही. आबांचा स्वभाव मवाळ आहे. त्यांनी ते इतक्या हळू सांगितलं की मला राग करायलाही जागा राहिली नाही. घरी येऊन मी तो राग बायकोवर काढला. तिने ताट वाढलं आणि म्हणाली, मग तिला ऐकू येईल असं काहीतरी करा. नवऱ्याचं वाद्य हा तिच्या लेखी घरातला आणखी एक पंप आहे, चालत नसेल तर दुरुस्त करायचा.

म्हणून मी नवा माउथपीस शोधायला लागलो. तोवर मला वाटायचं, माउथपीस म्हणजे माउथपीस. आता कळलं की त्यात टोकाची फट किती, आतली पोकळी किती, आतला उतार कसा, यावर लोक रात्रंदिवस भांडतात. मोबाइलवर परदेशातले पाच मिनिटांचे व्हिडिओ बघितले. एक माणूस ओळीने माउथपीस वाजवायचा आणि दर वेळी डोळे मिटून मान हलवायचा. मोबाइलच्या स्पीकरमधून मला सगळे सारखेच ऐकू आले.

नानांना विचारलं. नानांचं उत्तर सोपं होतं, लांब जातो तो चांगला. खानदेशातला कुठलाही बँडवाला हेच सांगेल. आमच्याकडे वाद्य दुकानात बसून बघत नाहीत. एक जण गल्लीच्या या तोंडाला उभा राहून वाजवतो, दुसरा चालत चालत लांब जातो आणि जिथे ऐकू येईनासं होईल तिथून हात वर करतो. नवरदेवाच्या घोड्याजवळ वाजलेलं मागच्या पाहुण्याला ऐकू गेलं पाहिजे, नाहीतर पुढच्या लग्नाची सुपारी दुसरा बँड घेऊन जातो. हा हिशोब बरोबरच आहे.

त्याच हिशोबाने मी पहिला माउथपीस घेतला, कुरिअरने मागवून. धातूचा, सोनेरी, निमुळता. नाना स्वतः चालत गेले. जुन्या माउथपीसला त्यांनी पिंपळाजवळ हात वर केला होता. नव्याला ते पिंपळ ओलांडून, शाळा ओलांडून पार वळणावरून दिसेनासे झाले आणि शेवटी फोन करून सांगितलं की अजून ऐकू येतंय, बंद कर, कोणीतरी आजारी आहे. बँडमधले सगळे खूश झाले. मीही झालो. एवढा लांब जातो तर हाताच्या अंतरावरच्या बाईला ऐकू येणारच, यात शंका घ्यावी असं माझ्या डोक्यात आलंच नाही.

पुढच्या रविवारी मी तो घेऊन गावी गेलो. अक्का ओट्यावर गहू पाखडत होती. मी तिच्यासमोर उभा राहून कानबाईच्या गाण्याची ओळ वाजवली. गल्लीतली कुत्री उठली, भाचा गिरणीतून बाहेर आला. अक्काने सूप खाली ठेवलं आणि पदर कानावर ओढला. मला वाटलं, ऐकू आल्याची खूण असेल. मी आणखी जोरात वाजवलं. तेव्हा तिने हात वर करून मला थांबवलं.

"हाई वरडस," ती म्हणाली. "बोलत नही."

मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. एवढा खटाटोप करून आणलेली वस्तू तिने सूप खाली ठेवेपर्यंतच निकालात काढली. मी तिला समजावायला लागलो की हा सगळ्यात लांब जातो. तिने माझ्या ओठांकडे बघून ते वाचलं आणि विचारलं की मी लांब कुठे असते. सगळ्या बँडने मिळून माउथपीसची परीक्षा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला घेतली होती, आणि ज्या बाईसाठी घेतली ती माझ्या कोपरापाशी चालत होती.

जळगावला एक गृहस्थ आहेत, पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. आता वाजवत नाहीत, फक्त जमवतात. त्यांच्याकडे माउथपीसचा डबाच आहे असं कळलं, म्हणून एरंडोलवरून जाणारी एसटी धरून मी गेलो. त्यांनी चहा दिला आणि पुढे संध्याकाळपर्यंत बोलले. कुठल्या माउथपीसची पोकळी चौकोनी, कुठल्याची गोल, कुठला कुठल्या मोठ्या वादकाने फेकून दिला. वाजवून बघतो म्हटलं तर म्हणाले, बाथरूममध्ये जा, तिथेच खरा आवाज कळतो. मी त्यांच्या बाथरूममध्ये बादली आणि खराट्याच्या मधे उभा राहून एकेक माउथपीस वाजवला. फरशीमुळे सगळेच गोड लागले. बाथरूममध्ये तर मीही बरा गातो.

शेवटी मी त्यांना सरळ सांगितलं की मला बहिणीला ऐकवायचे आहेत, तिचे कान गेलेत, निवड ती करेल. त्यांना ते फार आवडलं नाही. वाद्याची निवड वादकाने करायची असते, असं त्यांचं मत पडलं. पण माणूस मोकळा. धातूचा माझा त्यांना डब्यासाठी हवा होता, तो ठेवून घेतला आणि चार काळे माउथपीस घेऊन जाऊ दिले, त्यातला आवडेल तो ठेव म्हणाले. मी ते माझ्या जेवणाच्या डब्यात, रुमालात गुंडाळून आणले. परतीच्या एसटीत शेजारच्या माणसाने डबा हलवून आत काय वाजतंय विचारलं. मी सुपाऱ्या सांगितल्या.

आता परीक्षा कुठे घ्यायची हा प्रश्न होता. घरात शांततेत घेतली तर तिला कदाचित चारही ऐकू येतील, आणि मिरवणुकीत एकही येणार नाही. ढोल आधी आणून वाजवून घ्यावा तर गावभर बोभाटा. मी ओट्यावर बसून हा विचार करत होतो तेव्हा आत गिरणी चालू होती, ज्वारी पडली होती, आणि भाच्याला मला काहीतरी सांगायचं होतं म्हणून तो अगदी तोंडाजवळ येऊन ओरडत होता. मग मला सुचलं. ढोलाइतका आवाज तर घरातच होता, आणि त्याच आवाजाने तिचे कान नेले होते.

मी अक्काला गिरणीत बोलावलं. ती आली, पट्ट्याच्या बाजूला तिची जुनी जागा आहे तिथे उभी राहिली. तिथे उभी राहिली की तिचा चेहरा बदलतो, घरच्यापेक्षा जरा कडक होतो. भाच्याने दोन घमेली ज्वारी आणखी टाकली. मी तिच्या डाव्या बाजूला, मिरवणुकीत असतो तितक्याच अंतरावर उभा राहिलो आणि तिने माझ्या तोंडाकडे बघू नये म्हणून तिला भिंतीकडे तोंड करायला सांगितलं. ते तिला विचित्र वाटलं, पण केलं.

अट अशी होती की मी ओळ वाजवायची आणि ती संपली की तिने हात वर करायचा. पहिल्याला तिने हात वर केलाच नाही. दुसऱ्याला अर्ध्यातच केला. तिसऱ्याला ओळ संपून गेल्यावर, अंदाजाने. त्या वेळी पीठ उडत होतं, माझ्या तोंडात ज्वारीची चव होती आणि भाचा मला खुणेने सांगत होता की दळण करपेल, लवकर आटपा. चौथा माउथपीस दिसायला सगळ्यात साधा होता. काळा, बेताच्या फटीचा, आतली पोकळी लहान. आवाज मोठा नाही, पण एका रेषेत येणारा. वाद्याच्या मानेवरच्या बुचावर तो ढिला बसत होता म्हणून मी नळाला गुंडाळतात ती पांढरी पट्टी गुंडाळली आणि ओळ वाजवली.

ओळ संपली आणि अक्काचा हात वर झाला. बरोबर जिथे व्हायला हवा तिथे.

"आखो एकदाव," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. मी दुसरी ओळ वाजवली. पुन्हा हात बरोबर वर झाला. मग मी मुद्दाम ओळ मधेच तोडली, तर तिने वळून माझ्याकडे बघितलं आणि का तोडली म्हणून विचारलं. तिच्या केसांवर, भुवयांवर पीठ बसलं होतं. "हाई समजस," एवढंच ती म्हणाली आणि पट्ट्याखालून वाकून घमेलं ओढायला गेली. मला फार आनंद झाला. भाच्याला मी मिठीच मारली असती, पण तो पिठात बुडालेला होता.

हा आनंद धुळ्याला येईपर्यंत टिकला. घरी निवांत वाजवायला बसलो तेव्हा लक्षात आलं की या माउथपीसवर जबडा ढिला सोडला तरी सूर खाली येत नाही. थोडा येतो आणि आवाज एकदम मरतो, टायरमधून हवा जावी तसा. ओढून वर नेता येत नाही, ढकलून खाली आणता येत नाही. सूर जिथे आहे तिथेच उभा. ज्या गुणामुळे अक्काला तो समजत होता, त्याच गुणामुळे मला तिच्यामागे उतरता येणार नव्हतं.

श्रावण लागेपर्यंत मी रोज दोन्ही माउथपीस समोर ठेवून बसायचो. जुन्यावर वाजवलं तर तिचा सूर मी झाकू शकत होतो, पण ओळ कुठे संपली हे तिला कळणार नव्हतं आणि गाणं चौकात पुन्हा तुटलं असतं. नव्यावर वाजवलं तर तिला ओळ कळणार होती, पण तिचा सूर उतरतो हे सगळ्या गावाला कळलं असतं. आणि तिलाही. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली की अक्काला तिचा सूर ऐकवायचा नाही, असं तुम्हीच ठरवलंत का. मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. कळत होतं तिला. मला त्या क्षणी तेवढंच बोलता आलं.

कानबाईच्या सोमवारी सकाळी मी नवा माउथपीस लावला आणि जुना कोटाच्या खिशात ठेवला. निभलं नाही तर चौकाच्या आधी बदलू, असा विचार होता. अंगणात चौरंग उचलला गेला. नारळाला डोळे, नथ, साडी, आणि सजवलेल्या कानबाईपुढे अक्का. आबा टोपी घालून दारात उभे होते. डीजेवाली पोरं बाजूला, हाताची घडी घालून, पण मोबाइल बाहेर काढलेले नव्हते, हे मला त्यातल्या त्यात बरं वाटलं. मी सूर दिला. अक्काने पहिली ओळ म्हटली, मी वाजवली, बायांनी उचलली. मी थांबलो आणि अक्काने लगेच दुसरी ओळ धरली.

गल्ली संपेपर्यंत एकदाही चुकली नाही. ढोल जोरात होता, फुगड्या चालल्या होत्या, कोणीतरी गुलाल उडवला तो माझ्या रीडवर बसला, पण अक्का प्रत्येक वेळी नेमकी यायची. बायांना जोर चढला. आबांनी लांबून माझ्याकडे बघून मान हलवली. आणि मला मात्र दिसत होतं की तिचा सूर आता उतरायला लागलाय. आधी केसभर, मग बोटभर. ती ओळ म्हणायची खाली आणि मी वाजवायचो वर, आणि बायांना कळेना कोणाबरोबर जायचं. काही आवाज तिच्याबरोबर राहिले, काही माझ्याकडे आले.

चौक समोर होता. माझा हात खिशात गेला, पण वाजवता वाजवता माउथपीस बदलता येत नाही, त्यासाठी गाणं थांबवावं लागतं. मग मी सवयीने केलं ते. जबडा सोडला. सूर लटपटला, आवाज मेला आणि कसाबसा तिच्याजवळ खाली गेला. हे पूर्वी शेकडो वेळा केलं होतं आणि तिला कधीच कळलं नव्हतं. या वेळी तिला ऐकू येत होतं.

अक्का थांबली. हात वर करून तिने ढोलही थांबवला. भर चौकात, डोक्यावर चौरंग घेतलेल्या बाया, फुगडी धरलेल्या पोरी, सगळं जागच्या जागी थांबलं. ती माझ्याकडे वळली.

"तू खाले का बरं येस?"

मी सॅक्सोफोन तोंडाजवळ तसाच धरून उभा राहिलो. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं, पण बोलणाऱ्याचं तोंड वाचण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं तिला न बोलणाऱ्याचंही वाचता येत असावं. तिच्या चेहऱ्यावरून मला समजलं की तिला आजचंच नाही, मागचंही कळलं. मला लाज वाटली. माझी नाही, तिची वाटली, आणि आपल्याला तिची लाज वाटली याची मग माझी वाटली.

"तू तठेच ऱ्हाय," ती म्हणाली. "मी येस."

मी पहिला सूर पुन्हा दिला. सरळ, जिथे होता तिथे. तिने डोळे मिटले आणि कान अगदी पितळाला लागेल इतका जवळ आणला. पहिल्यांदा ती पोहोचली नाही. दुसऱ्यांदा गळ्याच्या शिरा ताणून पोहोचली. मग ओळ म्हटली. आवाज सुंदर नव्हता, तडकलेला होता, पण जागेवर होता. मी वाजवली, बायांनी उचलली आणि ढोल सुरू झाला. नदीपर्यंत ती आणखी बऱ्याचदा घसरली. दर वेळी मी तिथेच राहिलो आणि ती शोधत वर आली. कधी एका ओळीत, कधी दोन ओळींत. एकदा आलीच नाही, तेव्हा एका भावजयीने तिच्या कानात ओळ धरून दिली आणि अक्काने ती तिच्याकडून घेतली.

नदीत पाणी गुडघाभर होतं. विसर्जन झालं, बायांनी ओटीचं वाटलं, पोरं पाण्यात उतरली. अक्का दगडावर बसून पाय धूत होती. मी शेजारी बसलो तेव्हा तिने पाण्याकडे बघतच विचारलं, "कव्हयपासून?" मी तिला माझ्याकडे बघू दिलं आणि सांगितलं, आई गेल्यावरच्या दुसऱ्या कानबाईपासून. तिने तो हिशोब मनात केला. पाय धुऊन झाले तरी ती एका पायावर पाणी ओतत राहिली. मग पदराने पाय पुसले आणि घरी चालू लागली. मला वाटलं, आता ती पुन्हा गाणार नाही.

दुपारी उरलेल्या रोटांची पंगत बसली. भाऊबंदकी ओट्यापासून अंगणापर्यंत बसली होती, डीजेवाली पोरंही होती. अक्का दुधाचं भगुणं घेऊन वाढत होती. आबांनी घास मोडता मोडता, अगदी मवाळपणे, कोणाला म्हणून नाही असं विचारलं की चौकात गाणं का थांबलं. वाढणाऱ्या बाया थांबल्या. माझ्या बाजूने सांगण्यासारखी कारणं मी तयार ठेवली होती, रीड भिजली, गुलाल गेला, नवा माउथपीस आहे. तोंड उघडणार एवढ्यात अक्का पुढे आली. तिने आबांच्या ओठांकडे बघितलं होतं आणि तिला प्रश्न कळला होता.

"मीच थांबाडं," ती म्हणाली. "सूर चुकना व्हता."

कोणाचा, असं कोणी विचारलं नाही. पंगतीतल्या अर्ध्या लोकांनी माझ्याकडे बघितलं, कारण नवं वाद्याचं तोंड माझं होतं आणि गावात सगळ्यांना ते माहीत झालं होतं. अक्काने ते बघितलं. तिने भगुणं खाली ठेवलं.

"मन्हा," ती म्हणाली.

मग भगुणं उचलून ती पुढच्या पानाकडे गेली. आबांनी दुधाची वाटी पुढे केली. डीजेचं त्या दिवशी कोणी काढलं नाही.